पाठ झालेली गोष्ट

मी जुना झालो आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर दमलोही आहे. मी वाचनचाचणीचा कागद. माझ्या एका बाजूला अक्षरं आणि सुटे शब्द आहेत. दुसऱ्या बाजूला एक परिच्छेद आणि त्याखाली आठ ओळींची गोष्ट. वर्षातून तीनदा, ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चमध्ये, मला कपाटातून काढतात आणि एकेका मुलाच्या हातात देतात. मूल कुठवर वाचतं ते मॅडम लिहून ठेवतात : अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. मागच्या खेपेपेक्षा मूल किती पुढं गेलं, हे त्यावरून कळतं. निदान कळायला हवं.

माझा जन्म शहरातल्या औरंगपुरा भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये दाबून गरम यंत्रातून मला बाहेर काढलं, तेव्हा मी इतका कडक होतो की वाकवलं तर कुरकुर आवाज यायचा. आम्ही चार भावंडं होतो. चौघांच्या अंगावर चार निरनिराळ्या गोष्टी होत्या, म्हणजे दर खेपेला मुलांना नवी गोष्ट मिळावी. लासूर स्टेशनच्या पुढच्या एका छोट्या शाळेत आम्हाला पाठवलं. थोरला एका प्रशिक्षणाला गेला तो तिकडचाच झाला. दुसऱ्याला एका साहेबांनी नमुना म्हणून नेलं. तिसऱ्याला कपाटातल्या वाळवीनं खाल्लं. उरलो मी एकटा.

तेव्हापासून ती एकच गोष्ट. यमूची शेळी हरवते, यमू तिला मळ्यात शोधते, ओढ्याकाठी शोधते, आणि शेवटी शेळी सापडते. सहा वर्षांत ती शेळी किती वेळा हरवली याचा हिशेब मी सोडून दिला आहे. तिलाही आता कंटाळा आला असेल.

तिसरी-चौथीचा वर्ग गजाला मॅडमकडे होता. त्या शहरातल्या छावणी भागात राहायच्या, सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनला उतरायच्या आणि तिथून काळीपिवळी जीपनं शाळेत पोचायच्या. मॅडम मनानं फार चांगल्या. मुलांना वाचायला काही मिळावं म्हणून त्यांनी माझ्याच दहा झेरॉक्स काढल्या आणि वर्गाच्या भिंतीवर चिकटवल्या. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. नव्या संचासाठी त्यांनी दोनदा अर्ज दिला होता, पण नवा संच काही आला नाही. मुलं येता-जाता यमूची गोष्ट म्हणू लागली. थोरली भावंडं घरी म्हणायची, ते ऐकून धाकट्यांनाही ती यायला लागली.

पुढच्याच चाचणीत वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं गोष्टीच्या पातळीवर पोचली. आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मॅडमना शाल-श्रीफळ मिळालं. मुख्याध्यापक आप्पासाहेबांनी मला हातात धरून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या वाजल्या आणि मला लाज वाटली. कारण मला ठाऊक होतं. खरं वाचणाऱ्या मुलाचे डोळे माझ्या अंगावरून चालतात, मध्येच थांबतात, मागं येतात. पाठ म्हणणाऱ्या मुलाची नजर मॅडमच्या चेहऱ्याकडे असते. पण कागदाला बोलता येत नाही. माझ्यावर जे छापलं आहे, तेवढंच माझं बोलणं.

आता गेल्या डिसेंबरातलं सांगतो.

त्या दिवशी चौतीस मुलं तपासायची होती आणि माहिती मोबाइलवर भरायची लिंक संध्याकाळी पाचला बंद होणार होती. मॅडमना सकाळपासून कणकण होती. एका हातात मोबाइल, समोर नावांची यादी, आणि शेळी आपली हरवतेय नि सापडतेय. दुपारी खिचडीच्या सुट्टीत कुणीतरी पातेल्याचं तापलेलं झाकण माझ्यावर ठेवून दिलं. माझं प्लॅस्टिक आकसलं, पांढरं पडलं आणि गोष्टीची पाचवी ओळ पार झाकली गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला चटका बसला, पण त्याहून वाईट वाटलं ते हे की झाकण उचलताना कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुट्टीनंतर सायली आली. ही चौथीतली मुलगी. ऑगस्टात ती अक्षराच्या पातळीवर होती, म्हणून तिला व्हरांड्यात दुसरीच्या मुलांबरोबर बसवायचे. उंचीनं ती त्यांच्या दुप्पट. पाय पोटाशी घेऊन बसायची. तिच्या वर्गातल्या मुली पाणी प्यायला त्या बाजूनं आल्या की मान खाली घालायची. गोष्ट आली तर ती वर्गात बसणार होती. नाही आली तर पुन्हा व्हरांड्यात.

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं.

"यमूची शेळी हरवली," तिनं सुरुवात केली आणि थेट सुटलीच. मळा झाला, ओढा झाला. मॅडम मोबाइलमध्ये बघत होत्या. त्यांचं बोट 'गोष्ट' या शब्दावर पडलंही. नोंद पाठवायची तेवढी बाकी होती. त्याच वेळी, बहुधा डोळे चुरचुरले म्हणून, त्यांनी मान वर केली. सायलीचं बोट पाचव्या ओळीवर होतं. त्या पांढऱ्या डागावरून ते सरसर पुढं गेलं आणि सायली म्हणाली, "शेवटी यमू थकून बांधावर बसली."

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला.

"सायली, हे बांधावर बसली कुठं लिहिलंय गं?"

सायलीनं डागावर बोट ठेवलं. मग तो डाग तिलाही दिसला. मॅडमनी दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर पेन टेकवलं. "बरं, हा एकटाच शब्द वाच."

सायलीनं ओठ हलवले. मनातल्या मनात ती यमूपासून सुरुवात करून त्या शब्दापर्यंत पोचायला बघत होती. मॅडमना ते कळलं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"मॅडम, नाय म्हणून लिहू नका," सायली हळूच म्हणाली. "मी लई पाठ केलंय. मला त्या बारक्या पोरांत नाय बसायचं."

तेवढ्यात आप्पासाहेब आत आले. माणूस वाईट नाही, पण तेही थकलेले. त्यांना दिवसातून दहा ठिकाणी माहिती द्यावी लागते.

"मॅडम, अजून चार पोरं राहिलीत. काय अडलं?"

"सर, हिला वाचता येत नाही. पाठ आहे सगळं."

"म्हटली ना गोष्ट? मग टाका की गोष्टीत. अशा बारकाईनं बघायला लागलो तर किती पोरं खाली येतील ठाऊक आहे का? वरून फोन येईल, त्याला काय सांगू मी?"

मॅडम सायलीकडे पाहत राहिल्या. सायलीपुढं 'गोष्ट' भरलं असतं तर ती आनंदानं घरी गेली असती, पुढच्या वर्षी पाचवीला मोठ्या शाळेत गेली असती, आणि तिला वाचता येत नाही हे कुणी कधीच विचारलं नसतं. कारण नोंद म्हणते, हिला येतं. माझा जीव नुसता तळमळत होता.

"चूक माझी आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "भिंतीवर मीच लावलं ते. फोन आला की मला द्या, मी सांगते."

त्यांनी फळ्यावर चार नव्या ओळी लिहिल्या आणि सकाळी तपासलेल्या मुलांना पुन्हा एकेक करून बोलावलं. अकरा मुलं खाली आली. त्यांनी सगळ्यांचं खरं तेच भरलं. सायलीपुढं 'अक्षर' लिहिलं. तेव्हा ती रडली. मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही, एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून आपल्या वर्गातलं कुणीच व्हरांड्यात बसणार नाही. तू माझ्या टेबलाशी बस."

फोन आला, बोलणी बसली. शाल-श्रीफळाची आठवण काढून दोघातिघांनी टोमणेही मारले. भिंतीवरच्या झेरॉक्स उतरल्या आणि माझी चाचणीतली नोकरी संपली. मला वाटलं, आता रद्दी. पण मॅडमनी मला टेबलावरच ठेवलं. त्या रोज वहीत चार-सहा ओळी लिहायच्या, कधी गाडीत भेटलेल्या बाईबद्दल, कधी शाळेमागच्या बोरीबद्दल. सायली वाचताना ओळ चुकायची, म्हणून माझी कड त्या ओळीखाली धरायच्या. आडवा, पालथा, मुका असा मी तीन महिने त्या मुलीच्या बोटाखाली सरकत होतो. पहिल्या आठवड्यात एका ओळीला अख्खी मधली सुट्टी लागली. मला दमायला झालं, पण कंटाळा आला नाही.

मार्चची चाचणी आली. मॅडमनी स्वतः लिहिलेला, सायलीनं कधी न पाहिलेला परिच्छेद तिच्यासमोर ठेवला. तिनं तो वाचला, अडखळत, पण शेवटपर्यंत. मग नवी गोष्ट ठेवली. तिसऱ्या ओळीत एक जोडाक्षर आलं. सायली थांबली. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मॅडमच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिचे डोळे त्या शब्दावरच होते.

"हे नाय येत, मॅडम," ती म्हणाली. आवाज खाली गेला नव्हता.

मॅडमनी मोबाइल उचलला, मग तिच्यासमोर धरला. "तूच सांग, काय भरू?"

सायलीनं विचार केला. "परिच्छेद भरा. गोष्ट अजून नाय आली." आणि मोबाइलकडे न बघता तिनं विचारलं, "पण हा शब्द कसा वाचायचा, ते सांगा आधी."

मित्रांनो, शाळेत तुमच्या हाती माझ्यासारखा एखादा कागद येईल. तेव्हा त्याच्याकडे बघून वाचा. अडलात तर तिथंच बोट ठेवून थांबा आणि येत नाही म्हणून सांगा. आणि मोठ्यांनो, मूल असं थांबलं की घड्याळाकडे बघू नका. थोडं त्याच्याजवळ बसा.