काटा काही भाचा नव्हे

डॉक्टर सेमिसी फिफिताला नॉर्वेच्या विद्यापीठानं तीन वर्षांसाठी बोलावलं, ते त्याच्या हुशारीसाठी नव्हे. हुशार माणसं त्यांच्याकडे पोत्यानं होती. त्यांना हव्या होत्या सेमिसीच्या वडिलांच्या वह्या. म्हाताऱ्यानं एकतीस वर्षं रोज सकाळी धक्क्यावर उभं राहून भरतीचं पाणी मोजलं होतं. शाई इतकी उडालेली की फोटोत नुसता कोरा कागद दिसे. तिकडच्या यंत्राखालीच अक्षर उमटणार होतं. मागे थोड्या वह्या बोटीनं पाठवल्या, त्या माशांनी वाचल्या. उरलेल्यांचं वजन एकोणीस किलो. त्यांच्याशिवाय आलास तर नोकरी विसर, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं.

आमच्या बेटावर विमान येतं आठवड्यातून एकदा, आणि ते इतकं नाजूक की माणसालाही सामानासकट काट्यावर उभं करतात. म्हणून सेमिसीनं महिनाभर आधीच पोट आवरायला घेतलं. पण त्याच महिन्यात लोसालिने आत्यानं निरोपाची जेवणं मांडली. आमच्या टोंगात बापाच्या बहिणीपुढे राजाचीही मान खाली जाते, तिथं एका डॉक्टरची काय कथा.

"आत्या, पोटात जागा नाही."

"मग उभा राहून खा. जागा होते."

अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजलेलं मटण, सुरण, भाजलेली डुकरं. बारावं जेवण झालं तेव्हा बेटावरची उरलेली डुकरं जीव मुठीत धरून पलीकडच्या किनाऱ्याला राहायला गेली होती, आणि सेमिसीच्या चालण्यानं चर्चची घंटा आपोआप वाजत होती.

निघायच्या दिवशी आत्याही नटून आली. राजधानीपर्यंत ती भाच्याला पोचवणार होती. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा विमानात बसणार म्हणून केसांत फुलं माळली होती.

वैमानिक तेविता आकडेमोड करून म्हणाला, "एकोणीस किलो जास्त. वह्या ठेवा."

सेमिसीचा चेहरा उतरला. आत्या पुढे झाली.

"तेविता, तुझा बाप माझा चुलतभाऊ. म्हणजे तू माझा कोण?"

"भाचा, आत्या."

"मग वह्या चढव."

"तुम्ही सांगाल ते करतो, आत्या. पण काटा काही तुमचा भाचा नव्हे."

असं उत्तर आत्याला जन्मात कुणी दिलं नव्हतं. तिनं काट्याकडे पाहिलं, सेमिसीच्या पोटाकडे पाहिलं. ते तिचंच कर्तृत्व होतं.

"माझे किती भरले रे?"

तेविता खाली बघत पुटपुटला, "एकशे अठ्ठावीस."

"ते सगळे काढ," आत्या म्हणाली आणि केसांतली फुलं काढून तिनं वह्यांच्या पेटीवर ठेवली.

"आत्या, तुमचं विमान..." सेमिसी म्हणाला.

"माझा भाऊ एकतीस वर्षं धक्क्यावर उभा राहिला, तो काय या वह्या इथं ठेवायला? आणि तेविता, अजून एकशे नऊ किलो उरले ना? सुरणाची दोन पोती घे. ती चटई पण. आणि ते डुक्कर."

"आत्या, पुरे," तेविता म्हणाला.

"मोजून बघ, मग पुरे म्हण."

शिडीशी तिनं सेमिसीचा कान धरला. "तीन वर्षांनी मी बोटीनं राजधानीला येईन. तिथून घरी विमानानं, तुझ्या शेजारी बसून. तेव्हा बारीक होऊन ये."

नॉर्वेत वह्या बोलू लागल्या. सेमिसी मात्र जेवणाच्या सुट्टीत बर्फातून पळतो. सहकाऱ्यांना वाटतं, याला शर्यतीत उतरायचंय.