शेपटीवरची वलये

मी एक जुना, भुसा भरलेला बिबट्या आहे. मित्रांनो, आपली गोष्ट तोंडापासून सगळेच सांगतात. मी शेपटीपासून सांगतो.

शेपूट.

अंगावर ठिपके, आणि शेपटीच्या टोकाकडे मात्र वलये. असे का, हे जिवंतपणी माझ्या मनातही आले नव्हते.

पाठ.

देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, दिवाणखान्यात मी वीस वर्षे मान ताठ ठेवून उभा होतो. संस्थाने विलीन झाली, सामान वाटले गेले आणि मी मुलींच्या शाळेत आलो. पाठीला कसर लागली होती. १९५४ साली तपासणीचे साहेब यायचे ठरले, तेव्हा मुख्याध्यापक बापूसाहेबांनी मला दुरुस्तीला काढले. ते पूर्वी दरबारच्या फरासखान्यात, तंबू-जाजमांच्या खात्यात, होते. एकसारखे नसलेले काही त्यांना बघवत नसे. त्यांनी बाग या गावाहून ठशांनी कापड छापणारा बोलावला. त्याने माझ्या पाठीवर एकच ठसा ओळीने उठवला आणि मागे सरून म्हणाला, "साब, यो जिनावर नी, जाजम हुई गी."

बापूसाहेब मात्र खूश. शेपूटही छापून टाका म्हणाले. तेव्हा गणिताच्या सुमंगलाबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली.

"हिला हात लावायचा नाही. माझा उद्याचा पाठ हिच्यावर आहे."

सहावीपुढे मुलींना गणित ठेवायचे की नाही, हे त्याच पाठावर ठरणार होते.

पोट. (इथे ठसा पोचला नाही.)

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोरच्या पाठात बाईंनी सांगितले ते असे. विलायतेतल्या एका गणितज्ञाने दोन वर्षांपूर्वी कागदावर मांडले: वाढत्या जिवात दोन द्रव्ये आहेत असे धरा. एक स्वतःला वाढवते, पण सावकाश पसरते. दुसरे त्याला आवरते आणि भराभर पसरते. एवढ्यावर नक्षी आपोआप उमटू शकते. छापणारा कोणी लागत नाही. मुली हसल्या. बाई म्हणाल्या, हेच बघा, बकुळा हसली की शेजारच्या हसतात, पण दूरच्या बाकावर हसू पोचण्याआधी माझे डोळे पोचतात. म्हणून वर्गात हसण्याची बेटे होतात.

"आणि अरुंद जागेत एकामागे एक बसलात तर?" बाईंनी विचारले.

"मग शेजारी कोण उरणार, बाई?" बकुळा म्हणाली. "पट्टेच पडतील." आणि तिने माझ्या निमुळत्या शेपटीकडे बोट केले.

तपासणीचे जगदेवराव खुर्चीत हलले. "ती द्रव्यं कोणी पाहिली आहेत का?"

"अजून नाही. म्हणूनच मुलींनी शिकायला हवं."

शेरा.

'बिबट्याची पाठ नीटनेटकी. शेपूट विसंगत. सहावीपुढे गणित अनावश्यक, शिवण ठेवावे.'

अडगळ.

विसंगत म्हणून मला कोठीत टाकले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई खडू घेऊन तिथेच आल्या, मागून सात मुली. फळा नव्हता, दाराच्या आतल्या बाजूवर लिहिले. बापूसाहेब कुलूप घेऊन आले, दारावरची आकडेमोड पाहत उभे राहिले आणि कुलूप घेऊन परत गेले. पाच वर्षांनी बकुळा गणित घेऊन मॅट्रिकला बसली. शाळेने शिकवले नाही, कोठीने शिकवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ऊन दाखवा, कसर झटका, पण नीट दिसावे म्हणून त्यांना खोटे करू नका. आणि मुलींच्या हातची वही काढून घ्यायला कोणी आलेच, तर त्याला आधी इथे कोठीत माझ्याजवळ आणून बसवा. जागा आहे.