हिराईचा पोशाख

मी एक पोशाख बोलतोय. तोही साधासुधा नाही, राणीचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सध्या मी रुआबांधा वस्तीतल्या एका भाड्याच्या खोलीत, दाराआडच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत लटकलोय आणि माझ्या शेजारी एक मोडकी छत्री आहे.

कॅम्प-1च्या बाजारातून ताराबाईने मला आणलं तेव्हा मी नुसतं कापड होतो. दुकानदार मला कोसा, म्हणजे अस्सल टसर रेशीम, म्हणून विकत होता. मी कोसा नाही, कोशासारखा दिसतो एवढंच. खोटं कशाला बोलू? ताराबाईने मला दोन बोटांत चोळून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, "भैया, कोसा मत बोलो, सही भाव बोलो." मला ही बाई तिथेच आवडली.

ताराबाई घरीच शिवणकाम करते. माहेर चंद्रपूरकडचं, लग्न होऊन ती या हिंदी मुलखात आली; नवरा, प्रफुल्ल, इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. तशी ती फ्रॉक, परकर, सगळंच शिवते, पण तिचं नाव आहे ते इतिहासातल्या बायकांच्या पोशाखांसाठी. शाळेतला फॅन्सी ड्रेस असो की इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम, रिसालीपासून प्लांटच्या क्वार्टरांच्या सेक्टरपर्यंतच्या आया पोरींना घेऊन तिच्याकडे येतात. कुणाला जिजाऊ हवी, कुणाला झाशीची राणी, कुणाला अहिल्याबाई. एवढ्याशा कमरेवर नऊवारी बसवणं आणि ती पोरगी स्टेजवर पळाली तरी सुटू न देणं, हे काही खायचं काम नाही.

आणि तिची स्वतःची मुलगी, उन्नती? आठ वर्षांची ती पोर दर वेळी टाचण्यांची डबी धरून बाजूला उभी. दुसऱ्यांच्या पोरी राण्या व्हायच्या, ही त्यांच्या निऱ्या धरायची. आईजवळ शिवायला वेळ असायचा, पण तो नेहमी दुसऱ्यांसाठी.

एकदा तिने विचारलंच, "मम्मी, मैं कब बनूँगी?"

ताराबाईचा पाय मशीनवर थांबला. "कोन बनायचं तुले?"

"जो कोई नहीं बनता."

त्या दुपारी ताराबाईने तिला राणी हिराईची गोष्ट सांगितली. "आमच्या चांद्याची राणी होती. गोंड राणी. राजा गेला त् रडत नाही बसली, राज्य सांभाळलं. राजाची हे एवढी मोठी समाधी बांधली. मी तुह्याएवढी होती तवा पाह्यली." हिराई काय नेसत होती हे ताराबाईला ठाऊक नव्हतं. तिने ते मनानेच ठरवलं: लांब बाह्यांची चोळी, मागे कासोटा, खांद्यावरून रुंद शेला आणि काठ तिच्याच एका जुन्या पिवळ्या साडीचा. उन्नती रोज शाळेतून आली की दप्तर फेकून आधी माझ्याकडे बघायची, मी किती वाढलो ते.

शिवताना ताराबाईने एक शहाणपणाची गोष्ट केली. माझ्या प्रत्येक शिवणीच्या आत चांगलं चार बोटं कापड दुमडून ठेवलं. ती त्याला मार्जिन म्हणते. पोर वाढली की टाके उसवायचे आणि पोशाख सैल करायचा. "तीन-चार साल त् आरामात घालशील," ती उन्नतीला म्हणाली. गरिबाघरची राणी, तिला एका दिवसापुरतं शिवणं कसं परवडावं!

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात रमा मॅडम आल्या. त्यांचे यजमान, अरुणकुमार साहेब, प्लांटमध्ये अधिकारी, आणि मंडळाचा सांस्कृतिक विभाग मॅडमच्या हातात. त्यांच्या प्रांजलीसाठी ताराबाईने हिरवी जिजाऊ शिवून ठेवली होती. मॅडमनी ती हातात घेतली, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली.

"अय्या तारा, हा कोणाचा गं?"

"माह्या पोरीचा हाय मॅडम. हिराई बनून राहिली ती."

"हिराई? कोण ओळखणार इथे? रंग मात्र स्टेजवर काय उठून दिसेल! असं कर, हा प्रांजलीला दे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उन्नती काय, पुढच्या वर्षी घालेल."

"मग हा हिरवा उन्नतीले...?"

"तो पण पॅक कर. समूहनृत्यात होईल प्रांजलीला."

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. इथे तर बायजी उदारही नव्हती. ताराबाई म्हणाली, "घरी विचारून सांगतो मॅडम."

घरी काय विचारायचं होतं? प्रफुल्लने बूट काढता काढताच निकाल दिला. "देऊन टाक न. साहेबाची बाई हाय. मार्चमंदी माहा गेटपास रिन्यू व्हाचा हाय, मालूम नाही काय तुले?"

"अन् पोरीले काय सांगू?"

"पोरीले पुढचं साल हाय. माह्या नौकरीले हाय काय?"

ताराबाई भांडली नाही. मला त्या रात्री तिचा फार राग आला, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. तिने मला इस्त्री केली, घडी घातली. उन्नती दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, वो तो मेरी है ना?" "तुहीच हाय," ताराबाई म्हणाली, "फक्त देऊन राहिलो." मोठी माणसं असं काही बोलतात तेव्हा पोरांनी नेमकं काय समजायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

प्रांजली काडीसारखी बारीक. वाईट नव्हती ती पोरगी. बिचारी मला घालून खाजवतच राहिली. "मम्मी, अंदर कुछ चुभ रहा है." मॅडमनी मला बाजारातल्या एका लेडीज टेलरकडे पाठवलं. त्याने मला उलटं केलं, आतलं सगळं मार्जिन सर्र कापून टाकलं आणि कडेने ओव्हरलॉकची बारीक शिलाई मारली. चार बोटांची चिंधी खाली पडली, त्याच्या पोऱ्याने ती पायाने सरकवली. उन्नतीची येणारी सगळी वर्षं झाडूने गोळा झाली हो, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

कार्यक्रमाला मुलींना नेसवायला ताराबाईलाच बोलावलं होतं, उन्नतीही टाचण्या घेऊन आली होती. मी प्रांजलीच्या अंगावर स्टेजवर गेलो. निवेदक ओरडला, "आणि आता येत आहेत, राजमाता जिजाऊ!" टाळ्या पडल्या. जिजाऊंचं नाव माझ्यावर पडलं याचं दुःख कसं असेल? तो मानच. पण ज्याचं त्याला असावं की नाही?

तेवढ्यात पडद्याच्या कडेने कोवळा आवाज आला, "वो जिजाऊ नहीं है! हिराई है!"

पुढच्या दोन ओळींतली डोकी वळली. कुणीतरी हसलं. रमा मॅडमनी भुवया उंचावल्या. आणि ताराबाईने, जिने ती गोष्ट पोरीला स्वतः सांगितली होती, तिने झपकन पोरीच्या तोंडावर हात ठेवला. "चूप बस," ती म्हणाली, "चूप बस न बाई." हात काढला तेव्हा उन्नती रडत नव्हती. नुसती बघत होती, माझ्याकडे नाही, आईकडे.

प्रांजलीला पहिलं बक्षीस मिळालं. मी मात्र कितीतरी आठवड्यांनी घरी आलो, तेही ताराबाई स्वतः आणायला गेली तेव्हा. तिने मॅडमच्या व्हरांड्यातच मला उलटं करून पाहिलं, आणि तिचा हात शिवणीवर थांबला.

"मॅडम, मार्जिन कापलं काय?"

"अगं, किती जाड होतं आत! टोचत होतं तिला. तुझं फिनिशिंग जरा कच्चं आहे हं तारा, राग मानू नकोस. पण कौतुक खूप झालं!"

"हो मॅडम," ताराबाई म्हणाली.

गेटपासचं काय झालं म्हणता? झाला की रिन्यू. प्रफुल्लचाही झाला, त्याच्या शेजारच्याचाही झाला, ज्याच्या घरात शिवणयंत्रच नाही त्याचाही झाला. सगळ्यांचेच झाले. साहेबांना तर मी कोण, कुठला, कोणाचा, काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी ताराबाईने हट्टाने मला उन्नतीच्या अंगावर चढवून पाहिलं. पोर वाढली होती. बाही दंडातच अडली. "थांब, बाजूनं पट्टी लावतो, कोणाले समजनार नाही," ताराबाई तोंडात टाचण्या धरून बोलत होती, ओढत होती, पुन्हा ओढत होती. उन्नतीने वर धरलेले हात हळूच खाली घेतले.

"रहने दो मम्मी. मुझे नहीं बनना."

"एक साल राग धरते काय पोरी?"

"गुस्सा नहीं है. बस, नहीं बनना."

ताराबाईने टाचण्या एकेक करून काढल्या. मग तिने मला मांडीवर घेतलं. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं, एकदाच.

आता मी भाड्याने जातो. कमरेला तलवार बांधली की झाशीची राणी, हातात महादेवाची पिंड दिली की अहिल्याबाई. माझा काठ विटलाय, काखेत घामाचे डाग आहेत. मला नेसवायचं काम आता उन्नतीच करते, अकरा वर्षांची झाली आहे, हात अगदी आईसारखा चालतो. परवा एक चिमुरडी माझ्यात उभी राहून विचारत होती, "दीदी, मैं इसमें कौन हूँ?" उन्नतीने कासोटा खोचला, गाठ मारली आणि म्हणाली, "जो तेरी मम्मी ने बोला, वही."

बायांनो, मला न्यायला याल तेव्हा माझं नाव काय ते विचारू नका. मी कुणाचाही होईन, मला सवय झाली आहे. पण खाली बसून तुमच्या लेकीच्या निऱ्या सारख्या करणारी ती पोरगी दिसेल, तिला एकदा विचारा, "बाई, तुले कोन बनायचं होतं?" ती मान वर न करता म्हणेल, "कुछ नहीं, आंटी." तरी विचारा.