पाचव्यांदा टाकलेला कौल

मित्रांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तैवानच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव, समुद्राकडे तोंड करून बसलेली समुद्रदेवी माझूआई आणि तिच्या पायांशी चंद्रकोरीसारख्या दोन लाल फाका. मी एक जुनी कौलाची जोडी आहे.

बांबूच्या मुळातून मला कोरलं. जमिनीवर टाकल्यावर एक फाक उताणी, एक पालथी पडली, की देवीचा 'हो'. दोन्ही पालथ्या, म्हणजे 'नाही'. चाळीस वर्षं कोळी मला कपाळाला लावून विचारत आले. "या जोडीचा शब्द खाली पडत नाही," असं गाव म्हणे. मीही फुशारले होते.

एका हिवाळ्यात गाबोळीने भरलेले बोई मासे आले आणि त्यांच्या मागोमाग उत्तरेचा वारा. शुइमू कोळी आपल्या मुलाला आणि मुलीला घेऊन देवळात आला. "आज होडी काढू?" नाही. "दुपारी?" नाही. "नुसती खडकापर्यंत?" नाही. चौथ्यांदाही नाहीच.

देऊळ सांभाळणारे थूकाका म्हणाले, "अरे, कौल लावतोयस की बाजारात घासाघीस करतोयस?"

"काका, मासा काय माझ्यासाठी थांबणार आहे? आणि आईच ती. हट्ट धरला की ऐकते."

पाचव्यांदा एक फाक घरंगळली आणि उताणी झाली. शुइमू मुलांना घरी धाडून हसत समुद्रावर निघून गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली.

"जोडीच खोटी!" गाव म्हणालं. माझे चार 'नाही' कुणालाच आठवले नाहीत. मला उदबत्त्यांच्या पुडक्यांमागे टाकलं आणि नवी चकचकीत जोडी आणली. मला वाळवी लागली, कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, पूजू नका. पण विचारलंत, तर मिळालेलं उत्तर सांभाळा. मनासारखं नसलं तरी.

आज तसाच वारा सुटला आहे. शुइमूचा मुलगा हाइशेंग नव्या जोडीने कौल लावतो आहे. दोनदा 'नाही' आला.

"दादा, झालं ना आता? चल घरी," त्याची धाकटी बहीण बिशिया म्हणाली.

"गप गं. अजून एकदाच."

तो फाका उचलायला वाकला. बिशिया पुढे झाली आणि देवीच्या समोर, सगळ्यांच्या देखत, तिने एका फाकेवर पाय ठेवला. थूकाका ओरडले, तरी तिने तो उचलला नाही.