सत्तेचाळिसाव्या मैलाचा सिग्नल

एल्डन स्ट्राउसच्या तळघरात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतला बारा मैलांचा रेल्वेमार्ग दोन टेबलांवर मावला होता. बोगदा, पूल, डबे, सगळं चिमुकलं. बाकीचे हौशी लोक सिग्नल शोभेला लावतात, दिवे लुकलुकले की खूश. एल्डनने मात्र चाळीस वर्षं त्याच मार्गावरचे सिग्नल दुरुस्त केले होते आणि इथेही वायरीला वायर तशीच जोडली होती. रुळांतून बारीकशी वीज खेळवायची. गाडी आली की तिची चाकं ती वीज मधल्यामध्ये वळवतात, सिग्नलपर्यंत पोचू देत नाहीत, आणि दिवा लाल होतो. वायर तुटो, बॅटरी संपो, वीज पोचली नाही की लालच. म्हणून तर डेल कोझाकचं नाव मातीत गेलं.

एकतीस वर्षांपूर्वी धुक्यातल्या एका पहाटे डेलची मालगाडी सत्तेचाळिसाव्या मैलाचा सिग्नल ओलांडून पुढे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. डेल आणि त्याचा जोडीदार जागीच गेले. चौकशीवाल्यांनी सिग्नलच्या वायरींची पेटी उघडली, सिग्नल ठणठणीत निघाला. ड्रायव्हरने लाल दिवा ओलांडला, असा निकाल लागला. डेल एल्डनचा जिवलग. लाल ओलांडणाऱ्यातला तो नव्हे, हे एल्डन भेटेल त्याला सांगत सुटला, आणि निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं तळघरात ते सिद्ध करायला झटला. वायरी तोडल्या, पाणी ओतलं, रुळांचे सांधे ढिले केले. दर वेळी दिवा आपला हट्टाने लाल.

शेवटी त्याने हाय खाल्ली. शनिवारी दुपारी त्याने डेलच्या बायकोला, नोरीनला, बोलावून घेतलं. मी हरलो, डेल कदाचित चुकलाच असेल, एवढंच तिला सांगायचं होतं. ते वाक्य त्याने आठवडाभर घोकलं होतं.

नोरीन जिना उतरून आली ती भोपळ्याचा केक हातात घेऊनच.

"नऊ वर्षं इथे कोंडून घेतलंस," ती म्हणाली. "त्यापेक्षा एखादी बाई गाठली असतीस, तर गावाला बोलायला विषय तरी मिळाला असता."

"माझ्याकडे कोण येणार होती?"

"तेही खरंच."

"बस. एकदा दाखवतो, मग बोलू."

त्याने सत्तेचाळिसाव्या मैलापुढे तीन डबे उभे केले. सिग्नल हिरवाच राहिला.

त्याने डबे उचलून पुन्हा ठेवले. तरी हिरवाच.

नोरीनला वायरींमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रेल्वेवाल्याच्या घरात तिचा जन्म गेला होता. "पुढे गाडी उभी आहे ना? मग हा हिरवा कसा?" तिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आतच तिला रडू फुटलं. "म्हणजे त्याला हिरवा दिसला, एल्डन. तो हिरवा बघूनच गेला."

एल्डन टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरला. सकाळी त्याने एक जुनी वायर बदलली होती. नवी जोडली आणि जुनीचं टोक कापायचं सोडून नुसतं बाजूला वाकवून ठेवलं, मग बघू म्हणून. जन्मभर तो असंच करत आला होता. ते टोक आता सरळ होऊन स्क्रूला टेकलं होतं आणि सिग्नलला परस्पर वीज पुरवत होतं. रुळांवर काय उभं आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

एल्डनला आठवलं. अपघाताच्या आदल्या दुपारी सत्तेचाळिसाव्या मैलाची पेटी त्यानेच उघडली होती, वायर बदलायला. अपघातानंतर सगळ्यांच्या आधी तिथे तोच धावला होता. पेटीत जुनं टोक लोंबत होतं. राहिलेलं काम म्हणून त्याने ते पक्कडीने कापून खिशात टाकलं. मागाहून चौकशीवाले आले तेव्हा पेटी अगदी स्वच्छ होती. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला आजवर कधी वाटलंच नव्हतं.

पेटीतच दोष होता, असं सांगून बाहेर यावं. कोणाला कळणार होतं?

"सापडलं का रे?" नोरीनने विचारलं.

"सापडलं."

"मग कोणाची चूक?"

"माझी," तो म्हणाला, आणि तिथूनच, तिच्याकडे न बघता, त्याने सगळं सांगून टाकलं.

नोरीनने ऐकून घेतलं. ओरडली नाही. रुमालाने तिने डोळे कोरडे केले.

"आमचा टॉड तेव्हा तेरा वर्षांचा होता," ती म्हणाली. "शाळेत पोरं त्याला खुन्याचा मुलगा म्हणायची. त्याने बापाचं आडनाव टाकलं, माझ्या माहेरचं लावलं."

"माहीत आहे मला."

"हॉस्पिटलात शेवटी म्हणाला, आई, मला बाबांशेजारी पुरू नकोस. मी ऐकलं त्याचं. तीन वर्षं झाली, पलीकडच्या गावात एकटाच आहे." ती उठली. "गेल्या नऊ वर्षांतली सहा वर्षं तो जिवंत होता, एल्डन. ही वायर तुला तेव्हा नाही बदलता आली?"

ती एकटीच जिना चढून गेली. तिला हात द्यायला उठावं, एवढंही तोंड एल्डनला उरलं नव्हतं.