बंद माइकवरचा कोरस

आमच्या गावच्या भीमगीत पार्टीला एक लहान मिक्सर घ्यायचा होता. तो पारखायला अश्वजितने मला आर्वीला नेले. आठवीत मी त्याला विज्ञान शिकवले होते. तेव्हापासून कुठली वायर कुठे जाते असा प्रश्न पडला की गावातली पोरे माझ्याकडे येतात, आणि मलाही ते आवडते.

मिक्सर म्हणजे सगळे माइक आणि वाद्ये जिथे येऊन मिळतात तो डबा. पार्टीचा मोठा मिक्सर मागच्या महिन्यात गिरडकडच्या एका कार्यक्रमाला निघता निघता बंद पडला. कुणाचा तरी छोटा मिक्सर मागून आणून त्यांनी वेळ निभावली. असे पुन्हा होऊ नये म्हणून बॅगेत मावेल असा एक राखीव मिक्सर घ्यायचे ठरले. मुख्य गायक अश्वजित, कीबोर्ड वाजवणारा आदेश, कोरसमधल्या दोघी, म्हणजे साठीच्या तानाबाई आणि नर्सिंग शिकणारी रोशनी, आणि मी, असे पाच जण दुकानात उभे होतो.

"किती लाइनी लागतात?" दुकानदाराने विचारले.

"सहा बस," आदेश म्हणाला. "त्या दिवशी सहाच्याच मिक्सरवर भागलं ना."

रोशनी बोटांवर मोजू लागली. "दादाचा एक, पेटीवाल्या प्रेमदासकाकांचा एक, ढोलकी, ऑक्टोपॅड. हे झाले चार. कीबोर्डच्या दोन वायरी. झाले सहा." तिचे बोट तिथेच थांबले. "मंग आमचे माइक कुठं लावले होते, दादा?"

अश्वजित खोक्यावरचे बारीक अक्षर वाचू लागला.

"मी तुले विचारून राह्यली."

"अवं, जागाच नव्हती त्याच्यात. तुमचे माइक उभे तं केले होते."

"उभे केले होते?"

"लोकायले दिसाले पाहिजे ना!"

तानाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

"म्हंजे दोन घंटे मी दांड्याले गानं ऐकवलं?" त्या म्हणाल्या. "अन् मी समजली, माहा गळाच गेला, म्हनून मले माहा आवाज ऐकू येत नाई. जोर लावू लावू गायली. घरी येऊन लेकाले म्हटलं, आता माह्यानं होत नाई बाप्पा, ही पार्टी सोडतो मी. आज तुमच्यासंग आली ते हेच सांगाले."

मी मुलांवर सहसा रागावत नाही. न सुटलेल्या गणितासाठी तर कधीच रागावलो नाही, तेच गणित दहा वेळा समजावीन. पण हे न सुटलेले गणित नव्हते. या पोराला उत्तर माहीत होते, आणि एक बाई स्वतःच्या गळ्याला दोष देत असताना तो महिनाभर गप्प बसला. माझे कान तापले.

"एक शब्द सांगता आला नाही तुला?"

"सर, वाईट वाटलं असतं आत्याले. अन् कोरस नसला तरी गानं चालतेच."

"चालते ना? मग म्हण इथे."

दुकानदाराने माइक दिला. अश्वजितने पहिली ओळ म्हटली. गळा गोड आहे त्याचा, यात वाद नाही. ओळ संपली आणि जिथे कोरसने ती उचलायची, तिथे तो सवयीने थांबला. रोशनी रस्त्यावरून जाणारी एसटी बघत होती. तानाबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. दुकानदार वाट पाहून म्हणाला, "पुढं?"

"पुढं ह्या म्हनतात," अश्वजित पुटपुटला.

मी आदेशकडे वळलो. "कीबोर्डला दोन वायरी कशाला?"

"स्टिरिओ आहे ना, सर. डावा वेगळा, उजवा वेगळा."

"आणि आपले स्पीकर?"

"ते दोन्ही एकाच वायरीवर."

"मग डावे-उजवे पुढे जाऊन एकच होते ना?"

आदेश डोके खाजवू लागला. मी सहा लाइनींचा एक मिक्सर दुकानातल्या कीबोर्डला आणि स्पीकरना तसाच जोडून घेतला. अश्वजितला पाठ करून उभे केले. आदेश वाजवत असताना उजवी वायर हळूच काढली.

"काही बदललं?"

"नाई."

ती वायर मी अश्वजितच्या हातात दिली. "ही तुझी शोभेची वायर. हिच्यासाठी दोन माणसं बंद केलीस तू!"

तो वायर दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मला दया आली नाही, हे खरे सांगतो.

"मी अन् आत्या एका माइकवर गाऊ," रोशनी म्हणाली. "सहावी लाइन आमची. पन तो माइक चालू पाहिजे. अन् वायरी आता मी लावीन."

"आत्या, चुकलो मी," अश्वजित म्हणाला. "पार्टी नको सोडू."

तानाबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी मला विचारले, "गुरुजी, माइक चालू हाय का बंद, हे माह्यासारख्या अडाण्याले कसं समजन? दरवेळी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

चांगला प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळाला की माझा राग उतरू लागतो. मी त्यांना मिक्सरपाशी बोलावले. सहाव्या लाइनीत माइक लावला. "बाकीची पाचही बटणे खाली घ्या. फक्त हे वर ठेवा. आता बोला, आणि या दिव्यांकडे बघा. दिवे हलले, तर आवाज आत पोचला. नाही हलले, तर गायचे नाही."

त्यांनी एकेक बटण स्वतःच्या हाताने खाली घेतले. मग माइक तोंडाशी धरला.

"अश्वजित!" त्या कडाडल्या. "पुन्हा असं केलं तं मी स्टेजवरून उतरीन, अन् काऊन उतरली ते लोकायले सांगून उतरीन!"

रस्त्यावरची दोन माणसे थांबून आत डोकावली. हिरवे दिवे सरसर वर गेले आणि टोकाचा लाल दिवा लागला.

"हा लाल काऊन लागला, गुरुजी?"

"आवाज फार मोठा झाला की लागतो."

"लागू द्या," तानाबाई म्हणाल्या, आणि दुकानदाराला मिक्सर बांधून द्यायला सांगितले.