वाळवंटातून आलेली गाडी

लखदरने वाळवंटातल्या वार्गलाहून जुनी गाडी आणली, ती आईला डोंगरातल्या मावशीकडे नेण्यासाठीच. तीन हिवाळे दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. पण त्यांच्या सतीफ शहरातल्या थंडीत गाडीचा हीटर गार वाराच फेकत राहिला, आणि आईचे गुडघे गारठ्याने धरायचे.

"यम्मा, दोन ब्लँकेटं घे की."

"ब्लँकेटातच बसायचं, तर घर काय वाईट आहे?"

शेवटी त्याने गाडी अम्मारकाकाच्या गॅरेजात नेली. काकाने एक पाइप सोडवून आत बोट घातलं आणि तो हसायलाच लागला.

"अरे, थर्मोस्टॅटच नाही यात. तिकडच्या उन्हात इंजिन उकळू नये म्हणून ते लोक काढूनच टाकतात. मग इथल्या थंडीत इंजिन तापणार कसं, आणि हीटरला ऊब मिळणार कुठून?"

तासाभरात नवा थर्मोस्टॅट बसला. शुक्रवारी नमाजानंतर आई 'बिस्मिल्ला' म्हणत पुढच्या सीटवर बसली. पहिल्या चढावरच गुडघ्यांना ऊब लागली, तशी तिने शाल काढून मांडीवर ठेवली. घाट निम्मा सरला नाही तोच म्हणाली, "लखदर, खिडकी उघड जरा. मावशीकडे मला भाजून नेतोस की काय?"

त्याने आनंदाने खिडकी उघडली.